माझ्या वाटचं पाणी

उसण

पाठीत उसण भरली, असंच मला वाटलं. मी एस.टी.त कंडक्टर. बीड-परळी गाडीत बारला टेकून, वाटेतल्या गोण्यांवरून पाय उचलत तिकिटं काढण्यात माझी उमर गेली. आमच्यात पाठ न दुखणारं माणूस शोधून सापडायचं नाही. त्या दिवशी परळीहून परत येताना दिंद्रुडला गर्दी चढली. मशीनमधून तिकीट काढता काढता डाव्या फऱ्याखाली, खांद्याच्या मागच्या हाडाखाली, कुणीतरी मूठ रुतवून पिळल्यासारखं झालं आणि दरदरून घाम सुटला. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि विचारलं, मंगलताई, तोंड का उतरलंय? मी म्हटलं उसण हाय, तुमी गाडी काढा. आणि डबल बेल दिली.

वडवणी येईपर्यंत जबडाही दुखायला लागला. दाताचं असेल म्हटलं. माणूस स्वतःची कशी कशी समजूत घालतो, बघा. डेपोत फोन लावून मशीन दुसऱ्या कंडक्टरच्या हवाली केलं, वडवणीला उतरले आणि सरळ बाजारातल्या आमच्या दुकानात गेले. दुकान शिलाईचं आहे. आमचे मालक भानुदास, गावभर त्यांना आण्णा म्हणतात, पँट-शर्ट शिवतात. पण लोक त्यांच्याकडं येतात ते कपड्यांपेक्षा दुसऱ्याच कामासाठी. ते पायाळू आहेत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि आमच्याकडं पक्कं मानतात की उसण भरली, चमक निघाली, तर पायाळू माणसानं दुखऱ्या जागेवर पाय लावला की उतरते. अर्ध्या शिलाईत मशीन थांबवून, चप्पल काढून, हे समोरच्याच्या पाठीला अलगद पाय लावतात. त्याचं काही घेत नाहीत आणि कुणाला नाही म्हणत नाहीत. नाही म्हणायचं ह्या माणसाला कुणी शिकवलंच नाही, हे माझं लग्नापासूनचं भांडण.

मी दुकानातल्या सतरंजीवर पालथी पडले. ह्यांनी पाय लावला. आणि काय सांगू, बरं वाटलं. खरंच कळ ओसरली. ह्यांनी समाधानानं माझ्यासाठी चहा मागवला, तो मी प्याले, घरी गेले आणि भाकरी टाकायला बसले. असं दुखणं मधेच थोडं ओसरतं आणि परत येतं, हे मला नंतर दवाखान्यात कळलं. तेव्हा मात्र पायाचा गुण आला म्हणून आम्ही दोघं निर्धास्त होतो. दिवस मावळता मावळता मला उलटी झाली, डावा हात जड पडला आणि छातीवर कुणी जातं ठेवावं तसा दाब आला. मग शेजाऱ्यांची जीप काढली आणि आम्ही बीड गाठलं.

सांडलेलं

दवाखान्यात छातीला वायरी लावून पट्टी काढली. ईसीजीला आमच्याकडं सगळे पट्टीच म्हणतात. पट्टी बघितली आणि नर्सचं बोलणं मधेच थांबलं. ते थांबणं मी पाहिलं. गाडीत नुसत्या तोंडावरून बिनतिकिटाचा माणूस ओळखणारी मी, मला ते तोंड लगेच वाचता आलं. 

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, आमच्या लेकीच्या वयाच्या. कधीपासून दुखतंय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, दुपारच्या आधीपासून. मग इतका वेळ काय केलंत, असं त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, नुसतं विचारल्यासारखं. मी तोंड उघडायच्या आत हे पुढं झाले.

"मी पाय लावला, मॅडम," ते म्हणाले. "मला वाटलं उसण हाय."

मॅडमना काही उमगलं नाही. त्या मोठ्या शहरातल्या होत्या. पण तोवर आमची लेक सुरेखा येऊन पोचली होती. तिला पालीला दिलीय, बीडपासून जवळच आहे. तिला मात्र सगळं समजलं. ती बापाकडं अशी बघत राहिली, की मला त्या घडीला दुखण्यापेक्षा तिच्या बघण्याची जास्त भीती वाटली.

शिरेत तार घालून स्प्रिंग बसवली. त्यातलं मला फार आठवत नाही. आठवतं ते दुसऱ्या दिवशी मॅडमनी सांगितलेलं. त्या म्हणाल्या, हृदयाच्या स्नायूला बराच वेळ रक्त मिळालं नाही. त्यातल्या काही पेशी मेल्या, फुटल्या आणि त्यांच्या आतलं प्रोटीन रक्तात सांडलं. तेच तपासणीत सापडलंय. आता पंपिंग कमी झालंय, उरलेल्या स्नायूवर काम भागवायचंय. त्या समजावून सांगत होत्या आणि मी मान हलवत होते, पण माझ्या डोक्यात एकच शब्द अडकून बसला होता. सांडलं. माझ्या काळजातलं माझ्याच रक्तात सांडलं होतं आणि ते भरून घ्यायला कुणाकडं भांडं नव्हतं.

सुरेखा ह्यांना बाहेर घेऊन गेली. काय बोलली ते तिनंच मला पुढं कधीतरी सांगितलं. "आण्णा, आज तुमच्या पायापायी आई गेली असती." एवढं बोलली आणि मग तिनं बापाशी बोलणंच टाकलं. काही सांगायचं असलं की माझ्यातर्फे सांगायची. ते खाटेच्या पायथ्याशी उभे असले तरी मला म्हणायची, आण्णांना म्हणावं जेवून घ्या.

चपला

आयसीयूत उजाडल्याचं कळतं ते फरशी पुसायच्या वासानं. मग ओल्या फडक्यानं अंग पुसणं, दंडाला पट्टा, पोटात इंजेक्शन, बेचव पेज. वर डोक्याशी एक यंत्र, त्यात हिरवी रेघ उड्या मारत जायची. नर्स म्हणायच्या तिकडं बघू नका. ती रेघ म्हणजे माझा जीव, मी तिकडं न बघता कुठं बघणार? एखादी उडी जरा उशिरा पडली की मी श्वास धरून ठेवायचे.

शेजारी पडद्यापलीकडं एक ऊसतोड करणारा माणूस होता. कारखान्याच्या पट्ट्यातून नुकतीच ही जोडी परत आलेली. आमच्याकडं ऊसतोडीत नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात, एक गेला की दुसऱ्याला काम मिळत नाही. बायकोला दिवसातून थोडा वेळ आत सोडायचे. ती त्याच्या चपला मांडीवर घेऊन बसायची. बाहेर ठेवल्या तर चोरीला जातील, अशी तिला धास्ती. एका सकाळी न्याहारीच्या वेळी पडद्याआड एकदम पावलांची धावपळ झाली, यंत्र वाजत राहिलं आणि मग ते वाजायचंही थांबलं. नंतर पडदा सारला तेव्हा खाटेवर धुतलेली चादर होती. बाई माझ्यासमोरून गेली. चपला तिच्या हातात होत्या, तशाच, एकावर एक ठेवलेल्या.

मी पांघरूण डोक्यावर घेतलं. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? आता आपला नंबर. बिचाऱ्याबद्दल वाईट वाटायला मला बराच वेळ लागला, इतकी मी घाबरले होते. आजारपणात माणसाचं मन मोठं होतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माझं तर वाटाण्याएवढं झालं होतं.

हे रोज भेटीच्या वेळेला यायचे. खाटेपासून लांब उभे राहायचे, पाय मागं घेऊन, जणू त्यांचा पाय खाटेला लागला तर काहीतरी होईल. मी म्हणायचे जवळ या. ते म्हणायचे, हाय की इथंच. मलाही राग होताच, खोटं कशाला बोलू. पण तो राग धरायला अंगात ताकद लागते आणि ती मला श्वासाला पुरत नव्हती.

घोटभर

घरी सोडताना मॅडमनी बजावलं होतं. मीठ बंद. पाणी मोजून, चहा-दूध-ताक सगळं धरून दिवसाला एवढी बाटली, त्यावर थेंब नको. रोज सकाळी वजन करा. पायावर सूज आली, आडवं पडल्यावर दम लागला, तर लगेच या. सुरेखानं काटा आणून दिला, बाटलीवर रेघ मारून दिली आणि ती पालीला तिच्या घरी गेली.

आता आमच्या मुलखात पाणी कमी प्या हे कुणाला सांगायचं? उन्हाळ्यात टँकरच्या मागं घागरी घेऊन पळणारी माणसं आम्ही, आणि तरी दारात आलेल्याच्या हातात आधी तांब्या देतो. पाण्याला नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं. त्यात दवाखान्यातून माणूस परत आलं की गाव भेटायला येतं. ही रीतच आहे. येणारा रिकाम्या हातानं येत नाही, शहाळं आणतो, आणि नुसतं ठेवून जात नाही. माझ्यासमोर प्या म्हणतो, म्हणजे त्याच्या जिवाला बरं वाटतं. नाही प्यायलं तर त्याचं तोंड उतरतं. चहाचं तसंच. पाहुण्याला चहा दिला की घरातल्यानं सोबत घोटभर घ्यायचा असतो, नाहीतर पाहुणा कप खाली ठेवतो.

हे ट्रे घेऊन यायचे आणि त्यात एक कप माझाही असायचा. मी डोळ्यांनी विचारायचे, ते डोळ्यांनीच म्हणायचे, आता काय करायचं? मग घोटभर. चुलतसासूबरोबर घोटभर, डेपोतल्या बाया आल्या त्यांच्याबरोबर घोटभर, गल्लीतल्या जावांबरोबर घोटभर. घोटभरानं काय व्हतंय, असं प्रत्येकजण म्हणायचं आणि प्रत्येकाचं खरंच होतं. बाटलीवरच्या रेघेशी आम्ही मात्र प्रामाणिक होतो. बाटलीत रेघेच्या वर पाणी कधी भरलं नाही.

काट्यावरचा आकडा वाढायला लागला. आणि आम्ही काय केलं? खूश झालो. मी दवाखान्यातून चिपाड होऊन आले होते, त्यामुळं बाया म्हणायला लागल्या, मंगलनं आता अंग धरलं. गाल भरले. पायाच्या घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा, तो मी साडीखाली झाकला. अंग धरतंय असं सगळे सांगत असताना, तसं नाही हे बोलायचा धीर होत नव्हता.

एका दुपारी जेवून आडवी झाले आणि श्वास घेता येईना. उठून बसले तर थोडा आला, परत टेकले तर बंद. छातीत पाणी खळखळल्यासारखा आवाज यायला लागला, तो माझाच होता. मला आयुष्यात इतकं भ्या कधी वाटलं नाही, पहिल्या दिवशीसुद्धा नाही. पहिल्या दिवशी काय होतंय ते मला माहीत नव्हतं. आता माहीत होतं. खिडकीचा गज धरून मी बसल्या जागी ह्यांना हाक मारत होते आणि तोंडातून आवाज निघत नव्हता. हे ट्रे विसळायला मागं गेले होते, ते आपोआप आले म्हणून मी वाचले.

आकडा

परत तोच दवाखाना, परत तीच हिरवी रेघ. लघवीचं इंजेक्शन दिलं, अंगातलं पाणी उतरायला लागलं तशी धाप कमी झाली. आणि मग तपासणीचा कागद आला. रक्तातल्या कुठल्याशा प्रोटीनचा आकडा, आणि शेजारी तो किती असायला पाहिजे तेही छापलेलं. दोन्हींत इतकं अंतर होतं की मला कुणी काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. मी सुरेखाला जवळ बोलावलं आणि म्हटलं, मी गेले तर आण्णांशी बोलशील का? ती खाटेवर डोकं टेकून रडली, पण हो म्हणाली नाही.

मॅडम आल्या तेव्हा मी कागद पुढं केला. म्हटलं, एवढं विष झालंय का अंगात? त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. डॉक्टर बसले की मला धसकाच बसतो, उभ्या उभ्या सांगतात ते बरं असतं. पण त्या जे बोलल्या ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, हे विष नाही. पहिल्या वेळी रक्तात सापडलं ते मेलेल्या पेशींतून सांडलेलं होतं. हे वेगळं आहे, हे जिवंत पेशींनी स्वतः तयार करून सोडलंय. अंगात पाणी साठलं, हृदय ताणलं गेलं, तेव्हा त्या ताणलेल्या पेशी हे प्रोटीन रक्तात सोडायला लागल्या. ते मूत्रपिंडापर्यंत जातं आणि सांगतं, मीठ-पाणी बाहेर टाक. रक्तवाहिन्यांना सांगतं, जरा सैल व्हा, माझ्यावरचा भार कमी करा. एवढंच नाही. ताणात सापडलेल्या पेशी अशी आणखीही प्रोटीनं सोडतात, त्यातली काही शेजारच्या पेशींना तग धरायला मदत करतात. त्यातलं सगळं अजून कळलेलं नाही, शोध चालू आहेत, त्यातून तुमच्यासाठी आज औषध नाही. पण तुमचं हृदय गप्प पडून नाही.

मला ते समजायला वेळ लागला. मी म्हटलं, "म्हंजी ते जिवाच्या आकांतानं वरडतंय?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "पाणी काढा, पाणी काढा म्हणतंय. आणि तुम्ही वरून ओतताय."

कुणी रागावलं असतं तर मी उलट बोलले असते, माझा तो स्वभावच. ह्यावर मात्र मी तो कागद घडी करून उशीखाली ठेवला. एवढं अर्धमेलं झालेलं काळीज, त्यातल्या उरल्यासुरल्या पेशी आपल्या जिवासाठी आणि शेजारच्या जिवासाठी काहीतरी गाळत बसल्यात, आणि मी इथं जावांचं मन राखायला चहा पितेय. मला माझ्याच काळजाची कीव आली.

मग दुसरंच भ्या मनात आलं आणि मी विचारून टाकलं. "हा आकडा खाली आला तर बरं झालं समजायचं, का वरडून वरडून दमलं समजायचं?"

 मॅडम म्हणाल्या, बहुतेक वेळा चांगलंच समजायचं, पण नुसत्या आकड्यावर जायचं नाही. दम, सूज, वजन, पंपिंग, सगळं मिळून बघायचं. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. परत असं पाणी भरलं, तर दरवेळी मला ते काढता येईलच, असा शब्द मी देऊ शकत नाही.

हे दाराशी उभे होते, नेहमीसारखे पाय मागं घेऊन. त्यांनी सगळं ऐकलं.

दारात

घरी आल्यावर ह्यांनी दुकानातलं शिलाईचं मशीन उचलून घराच्या ओसरीवर आणलं, बरोबर दाराला आडवं. का, ते सांगितलं नाही. मला वाटलं, माझ्यावर लक्ष ठेवायला. माझी मात्र धास्ती वाढतच होती, कारण दार अडवून बसला तरी माणूस तोच होता. पाहुण्याच्या आग्रहाला नाही म्हणणं ह्यांना आयुष्यात जमलं नव्हतं आणि आता माझा जीव त्या एका शब्दावर टांगलेला होता.

पहिल्यांदा आले ते नेमके बापू. बापू म्हणजे तालुक्यातले मोठे पुढारी, बागायतदार माणूस, निवडणूक तोंडावर आलेली. दोन गाड्या दारात लागल्या, माणसं उतरली, एकानं शहाळं धरलेलं, वरून कापलेलं, आत नळी घातलेली. बापूंना आमच्याकडं कुणी मोडता घालत नाही. माझी बदली घराजवळ व्हावी म्हणून त्यांनीच एकदा शब्द टाकला होता. ते येऊन खुर्चीवर बसले, माझी विचारपूस केली, मनापासून केली, उगाच का बोलू. मग शहाळं माझ्यापुढं केलं आणि म्हणाले, वहिनी, हे आता माझ्यासमोर प्यायचं. मागच्या माणसानं मोबाईल वर धरला, फोटोसाठी.

खरं सांगू? मला ते प्यायचं होतं. पाणी मोजून मिळालं की दिवसभर दुसरं काही सुचत नाही. जीभ टाळूला चिकटलेली असते, स्वप्नात सुद्धा नळ दिसतो. नळीच्या टोकाला एक थेंब होता आणि मी त्याच्याकडं बघत होते. समोर बापू, मोबाईल, एवढी माणसं. माझा हात पुढं गेला. छातीत धडधड सुरू झाली आणि मला वाटलं, हेच ते, ते वरडतंय.

मशीन थांबलं. हे उठले, गळ्यात मापाची टेप तशीच. आले आणि बापूंच्या हातातून त्यांनी शहाळं काढून घेतलं.

"ती न्हाई पेणार, बापू. तिच्या वाटचं मी पेतो."

नळी काढून टाकली आणि ते शहाळं तोंडाला लावून उभ्या उभ्या पिऊन टाकलं. पाणी हनुवटीवरून टेपवर ओघळलं.  बापू हसायला बघत होते. आण्णा, तहान लई लागलती का, असं त्यांनी विचारलं.

"तहान न्हाई, बापू," हे म्हणाले. "भ्या वाटतंय."

बापूंनी मान खाली घातली. मग उठून ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माणसं घेऊन चहा न घेताच गेले, रागानं नाही. पण फोटो निघायचा तो निघाला होता आणि संध्याकाळपर्यंत तो कुणाच्या तरी स्टेटसला लागलाही. फोटोत बापू खुर्चीवर, आणि समोर आमचे हे शहाळं पीत उभे. खाली लिहिलेलं, बापूंनी घेतली रुग्णाची भेट. दुसऱ्या दिवसापासून लोक ह्यांचीच तब्येत विचारायला यायला लागले. आण्णा, काय झालंय तुम्हाला? मी आतल्या खाटेवर पडून हसले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हसले आणि हसताना दम लागला नाही, हे मला नंतर लक्षात आलं.

त्यानंतर जो कोणी येईल त्याच्यासमोर माझा कप हे घ्यायचे. समजावून सांगत बसायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, तिच्या वाटचं मी पेतो. सुरेखानं फोटो पाहिला. तिनं त्या दिवशी मला नाही, सरळ ह्यांना फोन लावला.  ती म्हणाली, "आण्णा, आज किती कप झाले? जरा बिनसाखरेचा घेत जा."

परत तिथंच

आता बरेच दिवस लोटलेत. आकडा उतरलाय, पण असायला पाहिजे तिथं अजून आलेला नाही. मॅडम म्हणतात ठीक आहे. मी डेपोत बसून काम करते, गाडीवर नाही. रोज सकाळी आधी काट्यावर चढते, आकडा बघते आणि मगच चुलीकडं वळते. हे लिहायला बसले ते एवढ्यासाठीच, की तुमच्या घरी असं कुणी परत आलं असेल तर भेटायला येणाऱ्यांना दारातच कुणीतरी सांगा. आजारी माणसाला ते सांगवत नाही. आणि काट्यावर वजन पटपट वाढलं तर खूश होऊ नका, दवाखाना गाठा.

मध्यंतरी एका सकाळी मशीनखाली गेलेलं रीळ काढायला वाकले आणि कळ आली. डाव्या फऱ्याखाली. त्याच जागी. मी वाकलेली तशीच राहिले. ह्यांनी माझं तोंड बघितलं, आणि दोघांपैकी कुणीच उसण हा शब्द काढला नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी रिक्षा करून इथल्या दवाखान्यात गेलो. पट्टी काढली, जुन्या पट्टीला लावून बघितली, बीडला मॅडमना मोबाईलवर पाठवली. रक्त घेतलं, बसवून ठेवलं, परत पट्टी काढली. बाकावर हे माझा हात धरून बसले होते आणि दोघांचाही हात ओला होता. शेवटी सांगितलं, काळजाचं काही नाही, स्नायू आखडलाय. नुसती उसण.

घरी आलो. पाठ ठणकत होतीच. पहिल्या दुखण्यापासून ह्यांनी कुणाला पाय लावला नव्हता. लोक यायचे, ताटकळायचे, निघून जायचे. हे म्हणायचे, आदी दवाखान्यात जाऊन पट्टी काढून या. लोक हसायचे, चिडायचे, पण ह्यांनी ऐकलं नाही. आणि पट्टी घेऊन आलेल्यालाही, दुसरा पायाळू बघा, म्हणून वाटेला लावायचे.

मी ओसरीवर सतरंजी टाकली आणि पालथी पडले.

"लावा पाय," मी म्हटलं.

ते नको म्हणाले. कुणाला नाही न म्हणणारा माणूस, आता मलाच म्हणायला लागला होता.

"पट्टी चांगली आलीय. तुमच्या डोळ्यांनी बघितलीय तुमी. लावा."

ते आत गेले, पाय धुऊन आले, पंच्यानं कोरडे केले. भिंतीला हात टेकून उभे राहिले. मग माझ्या फऱ्याखाली पाय टेकला, इतका हलका की आधी कळलंच नाही. कळलं ते त्याच्या थरथरीवरून. मी जमिनीकडं तोंड करून रडले. तेही रडत असणार, कारण पाय उचलायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. बऱ्याच वेळानं मीच म्हटलं, पुरे आता, मशीनवर अर्धी पँट पडलीय.

उसण काही लगेच गेली नाही. आठवडाभर होतीच.